नाचणाऱ्याचं तोंड कुणाकडे?

गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावात रेला हा नाच रंगतो तेव्हा मुलंमुली एकमेकांच्या कमरेत, खांद्यावर हात गुंफतात. रांग वाकत वाकत गोल होते आणि सगळ्यांची तोंडं आत, एकमेकांकडे वळतात. गाणं नाचणारेच म्हणतात. एक बाजू ओळ टाकते, दुसरी उचलते. कुणाला दम लागला की तो हात सोडून बाहेर येतो, पाणी पितो आणि परत दोघांच्या मधे शिरतो. बाहेर उभ्या असलेल्याला बऱ्याचदा फक्त पाठी दिसतात. त्यात काही बिघडत नाही, कारण नाच त्याच्यासाठी चाललेलाच नसतो.

तोच रेला नागपुरात मंचावर येतो तेव्हा हा गोल मधून उघडतो. समोर खुर्च्या असतात, खुर्च्यांकडे पाठ करून कसं चालेल? म्हणून गोलाची कमान होते. माईक एकीकडे उभा असतो, म्हणून गाणारे वेगळे आणि नाचणारे वेगळे होतात. निवेदकानं दहा मिनिटं सांगितलेली असतात, म्हणून रात्रभर हळूहळू चढत जाणारी लय पहिल्या मिनिटापासूनच वरच्या पट्टीत सुरू करावी लागते. पावलं तीच असतात, पोशाखही कदाचित जास्त नीटनेटका असतो, पण नाच बदललेला असतो.

मला वाटतं, नृत्य समजून घ्यायला सुरुवात इथूनच करावी. ‘नृत्य ही अभिव्यक्ती आहे’ हे आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलंय. पण कोण, कुणापाशी आणि कशाच्या साहाय्यानं व्यक्त होतंय, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही. त्यातला ‘कुणापाशी’ हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जास्त सांगून जातो.

आधी ‘कशाच्या साहाय्यानं’ ते पाहू.

नाचणाऱ्याकडे शरीर आहे, आणि ते शरीर जागेत, वेळेत आणि स्वतःच्या वजनासकट हलतं. हंगेरीत जन्मलेल्या रुडॉल्फ लाबान या नृत्यचिंतकानं हालचालीचा कस ओळखण्यासाठी चार गोष्टी सांगितल्या: अवकाश, वजन, वेळ आणि ओघ. हालचाल थेट जाते की वळसे घेत? जोर लावून होते की हलकेच? झटक्यात की रेंगाळत? आणि ती मोकळी वाहते की आवरून धरलेली असते? 1928 मध्ये त्यानं नृत्य कागदावर लिहिण्याची पद्धतही प्रसिद्ध केली. ती आजही जगात वापरली जाते. हे चार प्रश्न इतके साधे आहेत की कुठलाही नाच बघताना ते मनात घोळवता येतात.

नुसत्या वजनाचंच बघा. युरोपातला बॅले वर जाऊ पाहतो. चवड्यांवर, पुढे तर पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून जमिनीशी नातं जितकं कमी करता येईल तितकं करतो. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं असतं आणि त्या बसणीतून पाऊल जमिनीवर सपाट आपटायचं असतं. कथक सरळ उभा असतो. म्हणून तर त्यात एका टाचेवर भोवऱ्यासारख्या चकरा घेता येतात. रेल्यात गुडघे सैल, पावलं जमिनीलगत. उड्या थोड्या, झुलणं जास्त, कारण दोन्ही बाजूंच्या माणसांचं वजन आपल्या हातांवर असतं आणि आपलं त्यांच्यावर. एकट्यानं मनात येईल तशी उडी मारली तर साखळीच तुटेल. एकट्याच्या करामतीपेक्षा सगळ्यांचं एकत्र झुलणं मोलाचं मानणाऱ्या लोकांनी हा नाच घडवलाय, हे कुणी न सांगताही शरीरावरून कळतं. संस्कृती नृत्यात ‘दिसते’ म्हणतात ती अशी दिसते, गुडघ्यांच्या वाकण्यात आणि हातांच्या पकडीत. पोशाख त्यानंतर.

आता वेळ. भारतीय शास्त्रीय नृत्यात ज्या भागाला कथानक नसतं, शब्दांचा अर्थ नसतो, नुसती लय, रेषा आणि आकार असतात, त्याला नृत्त म्हणतात. नव्या प्रेक्षकाला हाच भाग अवघड जातो. ‘यातून काय सांगायचंय?’ असं तो विचारतो आणि उत्तर मिळत नाही. कथकमधली तिहाई घेऊन बघू. तीनतालाच्या एका आवर्तनात, म्हणजे फेरीत, सोळा मात्रा, म्हणजे ठोके. पहिली मात्रा सम. तिथे सगळे भेटतात, तबला, लेहरा (साथीची सारखी फिरणारी सुरावट) आणि पाय. आता पाच मात्रांचा एक तुकडा घ्या. तो नाचा, एक मात्रा थांबा, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा एक मात्रा थांबा, आणि तिसऱ्यांदा तोच तुकडा. पाच, एक, पाच, एक, पाच: बेरीज सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली, म्हणजेच सम. तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा ठोका नेमका समेवर पडतो आणि सभागृहातून ‘वाह’ येते.

त्या ‘वाह’मध्ये गणित आहेच, पण ती केवळ गणिताला दिलेली दाद नव्हे. पहिल्या आवृत्तीत प्रेक्षकाला तुकडा कळतो. दुसरीत तो ओळखतो. तिसरीत तो स्वतःच वाट बघू लागतो, बोटांवर मोजू लागतो. सम आली की त्याचं मोजणं आणि नाचणाऱ्याचं मोजणं एका बिंदूवर जुळतं. काहीही न ‘सांगता’ दोन अनोळखी माणसं एका क्षणात एकमेकांना कळली. अभिव्यक्ती म्हणजे दर वेळी गोष्टच असायला हवी असं नाही, हे मला तिहाईनं शिकवलं. चांगले नर्तक पाच-एक-पाचच्या या सरळ हिशोबावर थांबत नाहीत. ते तुकडा सम सोडून भलत्याच मात्रेवर उचलतात, थांबा लांबवतात, तिहाईच्या पोटात तिहाई ठेवतात. नियम घट्ट असल्यामुळेच तो वाकवताना मजा येते.

अर्थ सांगणाऱ्या भागाला नृत्य म्हणतात आणि तिथे अभिनय येतो. नाट्यशास्त्रानं अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: अंगानं केलेला आंगिक, वाणीचा वाचिक, वेष-अलंकारांचा आहार्य आणि आतून उमटणारा सात्त्विक, म्हणजे घाम, कंप, रोमांच, अश्रू. अभिनयदर्पण या ग्रंथात एक श्लोक आहे, नृत्याच्या वर्गात तो पहिल्याच काही महिन्यांत पाठ करून घेतात. हात जिथे तिथे दृष्टी जावी, दृष्टी तिथे मन, मन तिथे भाव आणि भाव तिथे रस. ऐकायला सोपं. पण नव्या विद्यार्थिनीची अलंकृत बोटं कमळ दाखवत असतात आणि नजर पहिल्या रांगेतल्या आईकडे असते, तेव्हा तो श्लोक का लिहावा लागला ते कळतं.

सर्जन नेमकं कुठे घडतं, याचा उत्तम नमुना म्हणजे संचारी. गायिका एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. समजा, ‘सखे, तो अजून आला नाही’ अशी ओळ आहे. पहिल्या वेळी नर्तकी नुसती दाराकडे बघते. दुसऱ्या वेळी दिव्याची वात सारखी करते, म्हणजे रात्र बरीच झाली. तिसऱ्या वेळी पावलं वाजली म्हणून उठते आणि दारात वाऱ्यानं हललेली फांदी बघून मागे फिरते. चौथ्यांदा केसांतली फुलं एकेक करून काढून ठेवते. पाचव्यांदा सखीवरच संशय घेते. ओळ तीच, शब्द तेच. पाच वेळांचे पाच अर्थ कुणी लिहून दिलेले नव्हते. ते त्या नर्तकीनं स्वतःच्या जगण्यातून, वाचण्यातून, बघण्यातून आणले. वीस वर्षांची मुलगी आणि साठीची गुरू यांची तीच ओळ वेगळी होते, ती यामुळे.

आणि हेच आपल्या बैठकीच्या लावणीत होतं. गायिका बसून गाते, पाय बांधलेले, त्यामुळे सगळं बोलणं डोळे, भुवया, मान, मनगट आणि पदराच्या टोकावर येतं. एकाच ओळीवर अदा बदलत जाते. वाईच्या यमुनाबाई वाईकर या अदाकारीच्या मोठ्या कलावंत. त्यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. कारागिरी हीच, मग एक ‘शास्त्रीय’ आणि दुसरी ‘लोककला’ का? याचं उत्तर कलेपेक्षा इतिहासात जास्त सापडतं. संगीत नाटक अकादमी आज आठ नृत्यप्रकारांना शास्त्रीय मानते: भरतनाट्यम, कथक, कथकली, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, मोहिनीअट्टम आणि सत्रिया. यातलं आसामच्या वैष्णव मठांतलं सत्रिया काही शतकं जुनं, पण त्याला ही मान्यता मिळाली ती 2000 मध्ये. त्या वर्षी नृत्यात काहीच बदललं नव्हतं. बदलली होती यादी.

भरतनाट्यमचा इतिहास तर मराठी वाचकानं आवर्जून वाचावा असा आहे. तंजावरवर भोसल्यांचं राज्य होतं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशाचं. (आपल्या नागपूरकर भोसल्यांचं घराणं वेगळं.) तिथल्या सरफोजी दुसऱ्यांच्या दरबारात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंतचा जो क्रम आजही भरतनाट्यमच्या मैफलीत दिसतो, तो बसवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. खुद्द सरफोजींनी मराठीत निरूपणं रचली, म्हणजे नाचण्यासाठीच्या रचना. ज्याला आपण ठामपणे तमिळ समजतो त्या नृत्याच्या घडणीत मराठी शब्दही होते.

इथे परत तोंड कुणाकडे हा प्रश्न येतो. देवदासी देवळात नाचत तेव्हा त्या देवाकडे तोंड करून नाचत. गाण्यातला नायक तोच. दरबारात नायक राजा झाला. 1930 च्या दशकात मद्रासमध्ये हे नृत्य तिकीट काढून आलेल्या शहरी प्रेक्षकांसमोर मंचावर आलं, ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ झालं, आणि 1936 मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेची स्थापना केली. देवाची मूर्ती मंचाच्या कोपऱ्यात आली आणि नर्तकीचं तोंड प्रेक्षकांकडे वळलं. 1947 मध्ये मद्रास प्रांतात देवदासी वाहण्याची प्रथा कायद्यानं बंद झाली. ती बंद व्हायलाच हवी होती. पण ज्या घरांनी ही विद्या पिढ्यानपिढ्या सांभाळली त्यांच्या पोरीबाळींना नव्या मंचावर जागा क्वचितच मिळाली. बालसरस्वती अशा घराण्यातून येऊन जगभर गाजल्या, तो अपवाद. नृत्याचा सन्मान वाढताना नाचणाऱ्यांचा सन्मान आपोआप वाढत नाही, ही गोष्ट मला फार लागते. महाराष्ट्रातल्या तमाशाच्या फडांबद्दलही हेच म्हणता येईल.

आता आपल्या भागात येऊ. नागपूर या बाबतीत विलक्षण जागी वसलंय. पूर्वेला आणि दक्षिणेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची झाडीपट्टी. तिथली दंडार आणि खडी गंमत ही नाचगाण्याची लोकनाट्यं. पश्चिमेला मेळघाटातले कोरकू. दक्षिणेला तेलंगणाच्या सीमेवर राजगोंडांचा घुसाडी नाच, मोरपिसांचे प्रचंड मुकुट घालून दिवाळीच्या दिवसांत होणारा. घराघरांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत बसणारी भुलाबाई, तिच्यापुढे टिपऱ्यांच्या ठेक्यावर म्हटलेली गाणी आणि शेवटी ओळखायची खिरापत. शिवाय 1986 पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय इथे आहे, त्यामुळे मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणाचे कलावंतही या गावात येऊन नाचून जातात.

खडी गंमत या सगळ्यात मधोमध उभी आहे. गावाच्या चौकात, चारी बाजूंना माणसं, मधे शाहीर, ढोलकी आणि बाईच्या वेषातला पुरुष नाच्या. प्रेक्षक तीनचार बाजूंनी असले की कलावंत एका दिशेला तोंड करून उभा राहूच शकत नाही. म्हणून तो सतत फिरत राहतो, प्रत्येक बाजूला एकेक कोपरखळी देत. हे फिरणं जागेच्या गरजेतून आलंय आणि मग तीच त्याची शैली झालीय. मंचावर आल्यावर फिरण्याची गरज संपते, पण चांगला नाच्या तिथेही फिरतो, आणि नवख्याला वाटतं हा उगाच कशाला पाठ करतोय.

मग रस्त्यावरचा नाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर होतो, आणि ताशाच्या किंवा संदलच्या ठेक्यावर पोरं बेभान नाचतात. इथे तोंड आतही नाही आणि प्रेक्षकांकडेही नाही. ते पुढे, जायच्या वाटेकडे आहे. ठेका आखूड आणि सारखा तोच येणारा, म्हणून कुणीही कुठूनही घुसू शकतो. तिहाईत चुकीच्या मात्रेवर शिरलात तर सगळं कोसळेल. मिरवणुकीत चूक होऊच शकत नाही, आणि तशी सोय मुद्दाम आहे: ज्यानं आयुष्यात कधी नाचायला शिकलं नाही त्यालाही सामावून घ्यायचं असतं.

13 एप्रिलच्या मध्यरात्री, आंबेडकर जयंती सुरू होताना, संविधान चौकात जो जल्लोष होतो त्याकडेही नृत्य म्हणून बघावं, असं मी आग्रहानं म्हणेन. डीजेच्या आवाजाबद्दल तक्रारी होतात, काही रास्तही असतात. पण गावगाड्यात वाजवण्या-नाचवण्याची कामं ठरावीक जातींच्या माथी होती आणि ती दुसऱ्यांच्या मिरवणुकीत करायची असत. त्यांचीच पुढची पिढी शहराच्या मुख्य चौकात, रस्त्याच्या मधोमध, स्वतःच्या आनंदासाठी नाचते. पावलं साधीच असतात. पण ‘मी इथे उभा राहू शकतो आणि मला हवं तसं अंग हलवू शकतो’ हे विधान त्या साध्या पावलांत आहे, आणि ते शब्दांत मांडलं असतं तर इतकं पोचलं नसतं.

आजची सगळ्यात नवी दिशा मोबाईलची. फुटाळा तलावाच्या काठावर फोन उभा टेकवून मुलंमुली नाचतात. उभी चौकट अरुंद असते, म्हणून आडवं धावणं, गोल, मोठ्या रांगा गळून पडतात; हालचाल छाती, हात आणि चेहऱ्यात गोळा होते. अर्ध्या मिनिटात सगळं सांगायचं, तर लय चढवायला वेळ नाही. ज्येष्ठ मंडळी याला उथळ म्हणतात. मला तसं वाटत नाही. जागा बदलली की नाच बदलतो, देवळातून दरबारात आणि दरबारातून मंचावर येताना तेच झालं होतं. माझी काळजी वेगळी आहे: फोनचं भिंग हाच एकमेव प्रेक्षक झाला तर एकमेकांचा हात धरून नाचायची सवय सुटेल.

आणि फोनमुळे आणखी एक प्रश्न ऐरणीवर आला. नाच कुणाच्या मालकीचा? भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीच्या व्याख्येत येते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे कायम स्वरूपात नोंदवलेली हवी. तसं असेल तर रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं संरक्षण मिळतं. हा कागदी मामला नाही. कन्नड साहित्यिक शिवराम कारंतांनी यक्षगान या कर्नाटकातल्या पारंपरिक नृत्यनाट्यावर आधारून केलेल्या नृत्यनाट्यांच्या हक्कांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2009 मध्ये त्यावर निकाल आला. यक्षगान कुणा एकाचं नाही, पण त्यातून कारंतांनी जे नवं घडवलं त्याला कायद्यानं वेगळी कृती मानलं. परंपरा सगळ्यांची, तिच्यातली नवी भर एकाची, ही रेघ तिथे ओढली गेली.

रेला, दंडार, घुसाडी या रेघेच्या अलीकडे राहतात. त्यांचा एक कर्ता नाही, त्यामुळे कायद्याच्या लेखी मालकही नाही. युनेस्कोच्या वारसायादीत 2010 मध्ये पूर्व भारतातला छाऊ नाच आणि 2023 मध्ये गुजरातचा गरबा गेला, पण ती नोंद मान देते, मालकी देत नाही. म्हणून गॅदरिंगमध्ये ‘आदिवासी नृत्य’ बसवताना निदान कुणाचं, कुठल्या भागातलं, कुठल्या प्रसंगी नाचलं जाणारं, एवढं तरी निवेदनात सांगायला हवं. शक्य असेल तर तिथल्याच कुणाला शिकवायला बोलवावं, मानधन देऊन. पानांचे घागरे आणि तोंडाला काळा रंग हा प्रकार आता तरी थांबावा.

बघायचंच असेल तर नागपूरकरांना फार लांब जावं लागत नाही. वसंतराव देशपांडे सभागृहात आणि रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात कथक-भरतनाट्यमचे कार्यक्रम होत असतात. तिथे शक्यतो पुढच्या रांगेतली जागा घ्यावी, कारण अभिनय भुवईत असतो आणि मागून भुवई दिसत नाही. दंडार मात्र गावातच बघावी. भाऊबीजेच्या सुमारास झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायला लागते आणि पुढे कितीतरी दिवस हा सिलसिला चालतो. भंडारा इथून साठेक किलोमीटर. तिथे पोचल्यावर आज मंडई कुठल्या गावाला आहे हे कुणीही सांगतं. दिवसा दंडार, रात्री नाटक. रात्री थांबायचं नसेल तर परतीची शेवटची एसटी किती वाजता, ते आधी विचारून ठेवा.